कडीचा जोड: चेनमेलच्या कलेकडे कसं पाहावं



आजचा विषय आहे कड्यांचा. धातूची तार घ्यायची, तिच्या कड्या करायच्या, एक कडी दुसरीत ओवायची आणि असं करत करत कापडासारखी लवचीक वस्तू तयार करायची. या कलेतून युरोपात, पश्चिम आशियात, आपल्या देशात आणि जपानमध्ये शेकडो वर्षं चिलखतं बनली. आज तिच्यातून मुख्यतः दागिने बनतात, आणि नाटक-सिनेमासाठी किंवा हौसेपोटी थोडी चिलखतंही. इंग्रजीतून आलेला 'चेनमेल' हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे, म्हणून आपण तोच वापरू.

या कलेचं कौतुक भरपूर होतं, समीक्षा मात्र जवळजवळ होत नाही, ही आमची तक्रार आहे. प्रदर्शनात एखादा चेनमेलचा हार किंवा सदरा मांडलेला असतो. लोक जवळ येतात आणि दोनच वाक्यं बोलतात. पहिलं, "किती कड्या असतील हो!" आणि दुसरं, "केवढा हा पेशन्स!" आता बघा, कड्यांची संख्या हा हिशेब झाला आणि पेशन्स हा कारागिराचा गुण झाला. वस्तू चांगली आहे की नाही, हे दोन्हींतून कळत नाही. वीस हजार कड्यांची वस्तूही वाईट असू शकते आणि चाळीस कड्यांचं कानातलं अव्वल असू शकतं.

थोडे जाणकार असतात ते विणीबद्दल बोलतात. ही 'एकात चार'ची वीण आहे, म्हणजे प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या अडकवल्या आहेत. ही 'एकात सहा'. ही 'बायझंटाइन'. हे बोलणं वरच्या दोन वाक्यांपेक्षा नक्कीच बरं. पण वीण म्हणजे नक्षीचा आराखडा, आणि तो कागदावरही काढता येतो. वस्तू धातूची आहे, अंगावर घालायची आहे, ओढली जाणार आहे, तिच्यावर भार येणार आहे, यातलं काहीच आराखड्यात दिसत नाही. म्हणून आमचं म्हणणं असं की चेनमेलच्या समीक्षेतला पहिला प्रश्न विणीचा नसून जोडाचा असायला हवा. तारेची दोन टोकं जिथे भेटतात तिथे कारागिराने काय केलं आहे? त्या कडीवर जो भार येणार आहे, त्याला ते पुरेसं आहे का?

आता हे जरा तपशिलात बघू.

गोल दांड्यावर तार गुंडाळली की स्प्रिंगसारखं वेटोळं तयार होतं. ते लांबीच्या दिशेने कापलं की सुट्या कड्या मिळतात. प्रत्येक कडीला दोन मोकळी टोकं. त्या टोकांचं काय करायचं, याची इतिहासात मुख्य चार उत्तरं दिसतात. एक, टोकाला टोक भिडवायचं आणि सोडून द्यायचं. दोन, टोकं एकमेकांवर चढवायची, ठोकून चपटी करायची, त्यात भोक पाडायचं आणि बारीक रिबीट मारायचं. तीन, तापवून टोकं एकजीव करायची, म्हणजे वेल्ड करायची किंवा सोनारासारखी झाळायची. चौथं उत्तर चतुर आहे. तार घ्यायचीच नाही, पत्र्यातून सलग कडी ठोकून काढायची. तिला टोकंच नाहीत, त्यामुळे प्रश्नच उरत नाही.

पण सगळ्याच कड्या सलग असून चालत नाही, कारण सलग कडी दुसऱ्या सलग कडीत जाणार कशी? म्हणून जुन्या कारागिरांनी दोन्हींचा मेळ घातला. एक ओळ सलग कड्यांची, पुढची ओळ रिबीट मारलेल्या कड्यांची, पुन्हा सलग, पुन्हा रिबीट. 'एकात चार'च्या विणीत रिबीटची प्रत्येक कडी चार सलग कड्यांना बांधते. मजबुती कमी होत नाही आणि रिबीट मारण्याचं काम निम्म्यावर येतं. रोमन सैन्याच्या चिलखतांत ही पद्धत सर्रास दिसते. ही वस्तू मुळात रोमनांची नव्हे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन पंडित व्हॅरो याने तिचा संबंध गॉल लोकांशी जोडला आहे.

डेन्मार्कमध्ये फ्यून बेटावर विमोसे नावाची दलदलीची जागा आहे. तिथे रोमन काळातला एक जवळजवळ अख्खा कड्यांचा सदरा सापडला. त्यात सुमारे २०,००० कड्या आहेत. हिशेबापुरतं धरून चाला की निम्म्या कड्यांना रिबीट मारायचं आहे आणि एका रिबीटला एक मिनिट लागतं. म्हणजे १०,००० मिनिटं, साधारण १६७ तास, आणि हे फक्त शेवटच्या टोल्याचं काम. तार ओढणं, ती कडक झाली की ताव देऊन नरम करणं, कड्या चपट्या करणं, भोकं पाडणं, एवढाल्या बारीक रिबिटी तयार करणं, हे सगळं वेगळंच. आता प्रश्न असा की ही माणसं एवढा उपद्व्याप का करत होती? नुसती टोकं भिडवून सदरा कितीतरी लवकर झाला असता, आणि दुरून पाहणाऱ्याला फरकही कळला नसता.

उत्तर भारात आहे. तलवारीची धार कड्यांवर घसरते, तो वार अनेक कड्यांत वाटला जातो. बाणाचं किंवा भाल्याचं टोक मात्र एका कडीत शिरतं आणि पाचर मारल्यासारखं तिला आतून फाकवतं. तिथे कडीचा सगळ्यात कच्चा भाग कामाला येतो, म्हणजे जोड. नुसती भिडवलेली कडी तिथे उघडते. रिबीट असेल तर तेच टोक आत घुसवायला पुष्कळ जास्त जोर लागतो. म्हणजे या वस्तूत चिलखतपण जर कुठे असेल, तर ते त्या ज्वारीच्या दाण्याहून लहान जागेत आहे.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९८२ साली बांधकामाच्या खोदाईत आठव्या शतकातलं एक शिरस्त्राण सापडलं. कॉपरगेट हेल्मेट म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याच्या मागे मानेवर कड्यांचा पडदा लोंबतो, जेमतेम दोन हजार कड्यांचा. त्यातही एक ओळ वेल्ड केलेली आणि एक ओळ रिबिटीची आहे. शिरस्त्राणावर पितळी पट्ट्या आहेत, प्राण्यांची चित्रं आहेत, लॅटिन अक्षरं आहेत, आणि संग्रहालयातली माणसं तीच बघत उभी राहतात. त्यात चूक काही नाही. पण कारागिराने सजावटीवर जेवढं लक्ष दिलं, तेवढंच डोळ्यांना न दिसणाऱ्या जोडांवरही दिलं. आमच्या मते त्या वस्तूचा मोठेपणा या दोन गोष्टी एकत्र असण्यात आहे.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर कड्यांना जादूची शक्ती होती असं वाटेल. कडी धार अडवते, मार अडवत नाही. गदेचा टोला कड्यांच्या जाळीतून जसाच्या तसा हाडापर्यंत पोचतो. म्हणून खाली जाड गादीसारखा अंगरखा हवाच. ११९१ साली अर्सुफच्या लढाईआधीच्या वाटचालीत सलाहुद्दीनच्या बाजूने बहाउद्दीन हा चरित्रकार हजर होता. त्याने लिहून ठेवलं आहे की फ्रँक पायदळाच्या अंगावर जाड नमदा आणि कड्यांचं चिलखत होतं, आणि पाठीत दहा-दहा बाण रुतलेली माणसं आरामात चालत होती. म्हणजे जोड, कडी, गादी अशी ही एक साखळीच आहे. यातलं काहीही सुटं काढून त्याची परीक्षा करता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कड्यांच्या चिलखताला फारसीत 'जिरह' म्हणतात. आपल्या 'जिरेटोप' या शब्दातलं 'जिरे' याच शब्दाशी जोडलं जातं. मुघल आणि दख्खनी फौजांत जिरह-बख्तर होतं. त्यात छातीवर पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या, बाकीचं अंग झाकणाऱ्या कड्या असत. १६८९ साली मुघलांच्या बाजूने लढणाऱ्या बिकानेरच्या महाराजा अनुपसिंहांनी अदोनी घेतलं. तिथून आलेली शस्त्रं बिकानेरच्या शस्त्रागारात गेली. तिथल्या अनेक वस्तूंवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरीत नोंदी कोरलेल्या आहेत. लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात भारतातलं हत्तीचं चिलखत आहे, तेही पट्ट्या आणि कड्या यांचंच. त्याचा आज उरलेला भाग ११८ किलो भरतो. हे सगळं कामाचं सामान होतं, लढाईत जाणारं.

पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली काही भारतीय चिलखतं पाहा. लोखंड, पितळ आणि तांबं अशा वेगवेगळ्या रंगांच्या कड्या घेऊन चौकटी-चौकटींची नक्षी विणलेली असते. हिला 'गंगाजमनी' म्हणतात. फार देखणं काम! वीण इतकी बारीक की हातात घेतलं तर रेशमासारखं सरकतं. आणि यातल्या पुष्कळ वस्तूंत कड्या नुसत्या भिडवलेल्या आहेत. रिबीट नाही, झाळ नाही.

मग ही खोटी चिलखतं म्हणायची का? आमचं उत्तर आहे, नाही. बंदुका आल्या होत्या, कड्यांचं युद्धातलं काम उतरणीला लागलं होतं. दरबारात, मिरवणुकीत, नजराण्यात मात्र चिलखताला मान होता. त्या कडीवर येणारा भार बाणाचा नव्हता, स्वतःच्या वजनाचा आणि लोकांच्या नजरेचा होता. त्या भाराला भिडवलेली कडी पुरते. वस्त्र म्हणून ही कामं पहिल्या प्रतीची आहेत. आमची तक्रार वस्तूशी नसून तिच्याशेजारच्या पाटीशी आहे. दोन्ही वस्तूंच्या पाटीवर तेच लिहिलेलं असतं, 'चिलखत, लोखंड', आणि शतक. एकाने माणूस वाचवला असेल, दुसऱ्याने दरबाराची शोभा वाढवली असेल. पाटी दोघांना एका रांगेत बसवते आणि दोघांवरही अन्याय करते. पहिल्याची मेहनत दिसत नाही आणि दुसऱ्याच्या कलेला 'कमजोर चिलखत' असा शिक्का बसतो.

हाच घोळ सिनेमात वेगळ्या रूपात भेटतो. १९७५ सालच्या 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' या चित्रपटात सरदारांची चिलखतं विणलेल्या लोकरीची होती, वरून चंदेरी रंग मारलेला. विनोदी चित्रपट होता, पैसा कमी होता, चालून गेलं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रत्रयीसाठी मात्र न्यूझीलंडच्या कारागिरांनी प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या चकत्या कापून कड्या केल्या आणि त्या एकेक करून हाताने गुंतवल्या. कड्यांची संख्या सव्वा कोटीच्या घरात सांगतात.

आता इथे समीक्षकाने काय म्हणावं? आकडा ऐकून टाळ्या वाजवाव्यात? की प्लॅस्टिक ऐकून नाक मुरडावं? आमच्या मते दोन्ही नको. कॅमेऱ्याला जोड दिसत नाही, त्यामुळे जोड खरा असायची गरज नाही. कॅमेऱ्याला दिसतं ते कड्यांचं पडणं, म्हणजे खांद्यावरून ओघळणं, वळताना एका क्षणाने मागे राहणं. ते कड्या खरोखर एकमेकींत गुंतवल्याशिवाय येत नाही, लोकरीत तर येतच नाही. म्हणजे त्या कारागिरांनी जिथे खरं असायला हवं तिथे खरं काम केलं आणि जिथे चालतं तिथे सूट घेतली. उणं काय राहिलं? वजन. कड्यांचा खरा सदरा सहज दहा किलोंच्या आसपास जातो आणि तो सगळा खांद्यांवर बसतो. म्हणून कंबरेला पट्टा आवळून थोडा भार कंबरेवर घेतात. अंगावर एवढं ओझं असलेला माणूस वेगळा चालतो. ते प्लॅस्टिकमधून आपोआप येत नाही, नटाला आणावं लागतं.

आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिका आणि चित्रपटांत पुष्कळदा यातलं काहीच नसतं. खांद्यावर ओढणीसारखी चमकती जाळी, खाली गादी नाही, आणि नट सुती कुडता घातल्यासारखा उड्या मारतो. हा बजेटचा प्रश्न आहे, हे आम्हाला कळतं. पण नुकसान बघा. साध्या पायदळातल्या शिपायाला न परवडणारी ही वस्तू पडद्यावर सगळ्यांच्या अंगावर दिसते, आणि वजनच नसल्यामुळे ती घालून लढणं म्हणजे काय कष्ट, हेही कळत नाही. ज्यांच्या अंगावर चिलखत नव्हतं त्यांचं धैर्य आणि ज्यांच्या अंगावर होतं त्यांची दमछाक, दोन्ही आपण गमावतो.

आता दागिन्यांकडे वळू, कारण आजची ही कला मुख्यतः तिथे आहे. इथे एक समज फार पक्का झालेला आहे. चिलखताला मजबूत जोड लागतो, दागिना नाजूक असतो, त्याला नुसती भिडवलेली कडी चालते. इतिहास नेमकं उलट सांगतो. मेसोपोटेमियातल्या ऊर शहराच्या राजघराण्याच्या कबरींत कडीतून कडी दुमडून ओवलेल्या साखळ्या सापडल्या आहेत. त्या चिलखताच्या कितीतरी आधीच्या, इसवी सनापूर्वी अडीच हजार वर्षांच्या आसपासच्या. त्या प्रकारात प्रत्येक कडी आधी तापवून बंद करावी लागते, नाहीतर ती दुमडताच येत नाही. आपला सोनारही साखळीची कडी झाळतो. गोफ असो की साधी पोत, कडी उघडी ठेवलेला डाग तुम्ही सोनाराकडून घ्याल का? नाही घेणार. दागिना रोज अंगावर असतो, झोपेत ओढला जातो, लहान मूल त्याला लोंबकळतं. बाण एकदा येतो, मूल रोज येतं.

जोडाची किंमतही असते. झाळ मूळ सोन्यापेक्षा कमी तापमानाला वितळायला हवी, म्हणून तिच्यात दुसरे धातू मिसळतात आणि दागिन्याचा कस थोडा उतरतो. कस टिकावा म्हणून कॅडमियमची झाळ आली. 'केडीएम'चं सोनं हा शब्द आपण सगळ्यांनी दुकानाच्या पाटीवर वाचला आहे. पण कॅडमियमची वाफ फुफ्फुसांना घातक असते. गिऱ्हाइकाच्या सोन्याचा कस राखण्यासाठी भट्टीपाशी बसलेल्या माणसाने ती वाफ ओढली. जोडाकडे बघा असं आम्ही म्हणतो तेव्हा हेही बघायला हवं, असं आमचं मत आहे.

आता चेनमेलच्या दागिन्यांतली हौशी मंडळी इथे रास्त आक्षेप घेतील. ते म्हणतील, आमच्याकडे भट्टी नाही, वाफ नाही, धोका नाही. दोन पकडी आणि मूठभर कड्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम होतं. कडी तुटली तर घरच्या घरी बदलता येते. ही कला त्यामुळेच एवढ्या लोकांपर्यंत पोचली.

हे शंभर टक्के मान्य. उघडता येणं हासुद्धा गुण असू शकतो. पॅको राबान या डिझायनरने १९६६ साली पॅरिसमध्ये प्लॅस्टिक आणि धातूच्या चकत्या छोट्या कड्यांनी जोडून पोशाख केले. तिथे शिलाई नव्हती, सुईऐवजी पकड होती. अशा पोशाखात माप बदलायचं तर चार कड्या उघडायच्या, चकत्या काढायच्या, पुन्हा मिटवायच्या. कडी तिथे शिवणीचं काम करते, आणि ती उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी करते. आमच्या कसोटीवर हे काम उत्तम उतरतं.

पण मग भिडवलेल्या कडीचेही काही नियम आहेत, आणि समीक्षा त्यांवर व्हायला हवी. पहिला, कड्या कापल्या कशा? पकडीने चिमटून कापल्या तर टोकं चोचीसारखी होतात आणि मध्ये फट राहते. बारीक करवतीने कापल्या तर टोकं सपाट राहतात आणि नीट भिडतात. दुसरा, उघडल्या-मिटवल्या कशा? कडी दोन बाजूंना ताणून उघडली की तिचा गोल बिघडतो, तो परत येत नाही. एक टोक पुढे, एक मागे असं पिळून उघडायची आणि तसंच पिळून, किंचित पुढे नेऊन मिटवायची, म्हणजे टोकं एकमेकांवर दाब धरून राहतात. तिसरा, धातू कोणता? अगदी शुद्ध चांदी मऊ असते, कडी आपल्याच वजनाने हळूहळू उघडते. चौथा, प्रमाण काय? कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी, हा या कलेतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. एक मिलिमीटर तार आणि चार मिलिमीटर आतला व्यास असेल तर तो चार. 'एकात चार'ची वीण त्याला छान लवते. बायझंटाइनला साधारण साडेतीन लागतो. फार मोठा घेतला तर वस्तू ढिली, पोकळ दिसते आणि पातळ कडी सहज फाकते. फार लहान घेतला तर ताठ होते किंवा विणताच येत नाही.

पाचवी गोष्ट, आडवं-उभं. 'एकात चार'च्या विणीला कापडासारखा धागा असतो. एका दिशेने ती ताणली जाते, दुसऱ्या दिशेने नाही. सदऱ्यात ओळी आडव्या ठेवल्या की वजनाने वीण मिटते आणि अंगाला धरते. उलट लावली की झोळीसारखी उघडी लोंबते. गळ्यातल्या कामाचंही तेच. ही चूक प्रदर्शनात सर्रास दिसते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

हे तपासायला भिंग लागत नाही. डोळे मिटून बोटाचं टोक कड्यांवरून फिरवा. बोटाला जोड लागला नाही, तर काम चांगलं. खरखर लागली, केस किंवा पदराचा धागा अडकला, तर वीण कितीही अवघड असो, कारागीर अजून शिकतो आहे. शिकण्यात कमीपणा काहीच नाही, पण त्याला "वा, किती पेशन्स" म्हणून पाठवून देण्यात त्याचंच नुकसान आहे.

थोडं नावांबद्दल. 'मेल' हा शब्द जुन्या फ्रेंच 'माय'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'माकुला' आहे, म्हणजे ठिपका किंवा जाळीचा डोळा. जाळी हा अर्थ त्या शब्दात आधीच होता, 'चेन' हे शेपूट फार नंतर लागलं. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल मेरिक या इंग्रज अभ्यासकाने जुनी चित्रं आणि पुतळे पाहून चिलखतांचे कितीतरी प्रकार पाडले. चित्रकाराने कड्या कशा रेखाटल्या, त्यावरून चिलखतच वेगळं होतं असं मानलं गेलं. पुढच्या अभ्यासकांनी ते बरंचसं मोडीत काढलं, कारण चित्रात वीण दिसते, जोड दिसत नाही. आज हौशी कलेत 'बायझंटाइन', 'पर्शियन' अशी नावं चालतात. नावं गोड आहेत, लक्षात राहतात, राहू देत. पण 'पर्शियन' वीण म्हणजे इराणी सैनिकांची वीण, असं विकताना सांगणं बरोबर नाही. उलट 'जपानी' या नावाला खरा आधार आहे. जपानमध्ये गोल कड्या आडव्या आणि लांबट कड्या उभ्या अशी स्वतंत्र वीण होती, ती कापडावर शिवत. आणि तिथे कितीतरी कड्या भिडवलेल्या किंवा किल्ल्यांच्या कडीसारख्या दोन-तीन वेढ्यांच्या असत. म्हणजे जोडाचं पाचवंच उत्तर!

शेवटी एक उदाहरण. ही कला चिलखत म्हणून मेली आणि दागिना म्हणून उरली, असं आपण समजतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांतल्या सैनिकांना आतून उडणाऱ्या धातूच्या कपच्यांपासून वाचण्यासाठी मुखवटे दिले होते, त्यांच्या खाली तोंडावर कड्यांची झालर होती. आजही मांस कापणारे कामगार स्टेनलेस स्टीलच्या कड्यांचा हातमोजा घालतात, शार्कचा अभ्यास करणारे पाणबुडे तसा पोशाख घालतात. त्या कड्या वेल्ड केलेल्या असतात. अमेरिकेतली व्हायटिंग अँड डेव्हिस ही कंपनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांच्या धातूच्या जाळीच्या पर्ससाठी नावाजलेली होती, आणि तिनेच पुढे असे हातमोजेही बनवले. हात शाबूत ठेवायचा म्हटलं की आजही जोड पक्का करावाच लागतो.

मग आम्ही सुचवतो ते एवढंच. संग्रहालयाच्या पाटीवर, प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर, विकायच्या दागिन्याबरोबर तीन गोष्टी लिहा: धातू, वीण, जोड. 'लोखंड, एकात चार, रिबीट.' 'चांदी, बायझंटाइन, भिडवलेला.' त्याने काही बिघडत नाही. जो प्रत्येक कडी झाळतो त्याच्या जास्त दामाचं कारण कळेल. जो भिडवतो आणि नीट भिडवतो, त्यालाही मान खाली घालावी लागणार नाही. आणि पाहणाऱ्याला मोजदाद करण्याऐवजी बघायला काहीतरी मिळेल.

आता प्रश्न घेऊ या. समोरच्या टेबलावर तीन तुकडे ठेवले आहेत, एक रिबिटीचा, एक झाळलेला, एक भिडवलेला. प्रश्न विचारायच्या आधी ते हातात घेऊन बोटाने बघा. पाट्या मुद्दामच लावलेल्या नाहीत.